पहिल्यांदाच इन्व्हर्टर-बॅटरी घेताय? लाईट मोजण्यापासून पाणी टाकण्यापर्यंत सगळं

आपल्याकडं मार्च सरला की ऊन आणि लाईटचं जाणं-येणं दोन्ही सोबतच सुरू होतं. त्यात अवकाळी आला, वारं सुटलं, कुठं फांदी तारेवर पडली नाहीतर डीपी जळाली की लाईट कधी येईल हे वायरमनलाही सांगता येत नाही. घरात लहान लेकरं, म्हातारी माणसं, नीटची तयारी करणारं पोरगं असलं की मग एक दिवस वैतागून माणूस दुकानात जातो आणि दुकानदार जे देईल ते घेऊन येतो. आणि दुकानदार बहुतेक वेळा एकच जोडी देतो, नऊशे व्हीएचा इन्व्हर्टर (व्हीए म्हणजे तो किती लोड पेलतो त्याचं माप) आणि दीडशे एएचची बॅटरी (एएच म्हणजे तिच्यात किती वीज मावते त्याचं माप), मग तुमचं घर लातूर शहरातलं दोन खोल्यांचं असो की शेतातला आखाडा, म्हणजे शेतावरचं घर असो.

मी आधी स्वतःच्या घरी बसवला, मग गावाकडं आई-वडिलांकडं, आणि त्यानंतर पाहुण्यारावळ्यांपैकी कुणीही घ्यायला निघालं की मला सोबत नेतात. तर जे दरवेळी सांगावं लागतं ते सगळं इथं लिहितोय. सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगतो: बॅटरी मोठी म्हणजे चांगली असं नसतं. तुमच्याकडं लाईट किती वेळ जाते आणि किती वेळ सलग राहते, या दोन आकड्यांवर सगळं ठरतं, आणि दुकानात हे दोन आकडे कुणी विचारत नाही.

१. आधी आठ-दहा दिवस लाईट कधी जाते ते लिहून ठेवा

कॅलेंडरवरच लिहा, लाईट गेली किती वाजता आणि आली किती वाजता. घरात कुणी ना कुणी असतंच, त्यांना सांगून ठेवा. यातून तीन गोष्टी कळतात. एका दमात जास्तीत जास्त किती वेळ जाते, दिवसा जास्त जाते की रात्री, आणि दोन वेळच्या मधे सलग किती तास राहते.

ही तिसरी गोष्ट लोक सोडून देतात आणि बॅटऱ्या तिथंच खराब होतात. १५० एएचची बॅटरी पूर्ण उतरली तर परत भरायला १० ते १२ तास लागतात. संभाजीनगर-नांदेडसारख्या शहरात हे सहज होतं. पण शेतातल्या वस्तीवर, जिथं शेतीच्या फीडरवरून लाईट आहे आणि तीही आठ तासच, तिथं ती बॅटरी कधीच पूर्ण भरत नाही. लेड-अ‍ॅसिड बॅटरी, म्हणजे आपली नेहमीची पाणी टाकायची, अर्धवट भरलेली राहिली की आतल्या प्लेटांवर सल्फेट बसतं, ते कडक होत जातं आणि वर्ष-दीड वर्षात बॅटरी अर्ध्या तासावर येते. मग लोक म्हणतात कंपनी खराब. कंपनी खराब नसते, बॅटरीला पोटभर मिळालेलंच नसतं. अशा ठिकाणी १००-१२० एएचची छोटी बॅटरी रोज पूर्ण भरते आणि मोठीपेक्षा जास्त वर्षं टिकते.

२. इन्व्हर्टरवर काय काय चालवायचं ते ठरवा

घरातलं सगळं चालवायचं म्हणाल तर खर्च कुठच्या कुठं जातो. कागद घ्या आणि फक्त गरजेचं लिहा. साधारण वॅट असे धरा:

साधा छताचा पंखा ७५
बीएलडीसी पंखा (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) ३० च्या आसपास
एलईडी बल्ब ९ ते १२
एलईडी ट्यूब २०
३२ इंची टीव्ही ५० ते ६०
वायफायचा राउटर १०
लॅपटॉप ६५
कूलर १५० ते २५०

कूलरचं नीट बघा. कंपनीच्या प्लास्टिकच्या कूलरवर वॅट लिहिलेले असतात, पण आपल्याकडं जास्त करून पत्र्याचे, गावातच बनवलेले कूलर असतात आणि त्यावर काहीच लिहिलेलं नसतं. त्यात पंख्याची मोटर एक आणि पाण्याची मोटर वेगळी. इलेक्ट्रिशियनकडं क्लॅम्प मीटर असतो, त्यानं मोजून घ्या, किंवा प्लगमधे लावायचा वॅट मीटर ऑनलाईन मिळतो तो घ्या. अंदाजावर जाऊ नका कारण एकटा कूलर तीन पंख्यांएवढी बॅटरी खातो.

फ्रिज, गिझर, इस्त्री, मिक्सर, बोअरची मोटर, एसी हे यादीत नको. फ्रिज चालताना दीडशे वॅटच्या आसपासच घेतो पण कॉम्प्रेसर सुरू होतानाचा झटका कितीतरी पट असतो, छोटा इन्व्हर्टर तिथंच ओव्हरलोड दाखवतो. दार उघडलं नाही तर फ्रिज तीन-चार तास गार राहतो, तेवढं पुरतं.

एक अपवाद. घरात पेशंट असेल आणि ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर लागत असेल तर हा लेख वाचून तेवढ्यावर निर्णय घेऊ नका. पाच लिटरचं मशीन ३०० ते ३५० वॅट घेतं, ते सलग चालवायचं तर साधी जोडी अडीच-तीन तासांतच संपते. तिथं दोन बॅटऱ्यांचा सेट घ्या आणि शिवाय भरलेला सिलिंडर घरात ठेवाच.

३. इन्व्हर्टर किती व्हीएचा घ्यायचा

उदाहरण घेऊ. तीन साधे पंखे २२५, पाच बल्ब ५०, टीव्ही ६०, राउटर १०, दोन मोबाईल चार्जर २०. झाले ३६५ वॅट. इन्व्हर्टरवर लिहिलेला आकडा व्हीए असतो, वॅट नसतो, ९०० व्हीए म्हणजे ९०० वॅट चालतील असं समजून पुष्कळ जण फसतात. आपल्या वॅटला ०.८ ने भागा, ३६५ चे साधारण ४५५ व्हीए होतात, त्यावर चौथा हिस्सा मोकळा ठेवा, म्हणजे ६०० च्या आसपास. ७०० चा इन्व्हर्टर पुरेसा. कूलर जोडायचा असेल तर ९०० ते ११०० चा घ्या. बॉक्सवर मोठ्या अक्षरातल्या मॉडेलच्या नावातला आकडा आणि खरा व्हीए वेगळे असू शकतात, मागच्या बाजूच्या स्टिकरवर बघा.

आणि घ्यायचा तो प्युअर साईन वेव्हच, म्हणजे घरच्या लाईटसारखाच करंट देणारा. स्क्वेअर वेव्हचा हजार-दोन हजारांनी स्वस्त मिळतो, पण त्यावर पंखे घूं घूं आवाज करतात, मोटर तापते, कूलरची तर जास्तच.

गावाकडं असाल तर अजून एक बघा. संध्याकाळी व्होल्टेज पडतं, बल्ब पिवळे होतात, हे तुमच्याकडं होतं का? इन्व्हर्टरला मागं एक छोटं बटण असतं, एका बाजूला यूपीएस आणि दुसऱ्या बाजूला नॉर्मल किंवा इको असं काहीतरी लिहिलेलं. यूपीएसवर ठेवलं तर तो साधारण १८० ते २६० व्होल्टमधेच लाईट घेतो, त्याच्या खाली गेलं की लाईट असूनही बॅटरीवर जातो. मग होतं काय, लाईट आहे, पण व्होल्टेज १७० आहे, आणि बॅटरी भरायच्या ऐवजी उतरत बसते. अशा गावात बटण नॉर्मलवर ठेवा, तिथं १०० पासून २९० पर्यंत चालतं. घरात डेस्कटॉप कॉम्प्युटर असेल तरच यूपीएसची गरज, कारण त्यात बदल इतका पटकन होतो की कॉम्प्युटर बंद पडत नाही. कितीतरी घरी फक्त हे बटण दाबून "बॅटरी भरतच नाही" ही तक्रार मिटलेली मी बघितली आहे.

४. बॅटरी, खरा पैसा इथं आहे

एएचचा हिशोब असा. १५० एएच गुणिले १२ व्होल्ट म्हणजे १८०० वॅट-तास. इन्व्हर्टरमधे बदलताना साधारण पाचवा हिस्सा जातो, उरले १४४०. बॅटरी तळापर्यंत उतरवायची नसते, ८० टक्केच वापरा, म्हणजे हाताशी आले साधारण ११५०. वरच्या उदाहरणातलं सगळं एकदम चालू ठेवलं, ३६५ वॅट, तर हिशोबानं तीन तास येतात पण प्रत्यक्षात सव्वादोन-अडीच तास धरा. कारण बॅटरीवरचा एएच सी-२० म्हणजे २० तासांत हळूहळू उतरवल्यावरचा असतो, जोरात उपसली की कमी देते. रात्री फक्त दोन पंखे, झिरोचा दिवा आणि राउटर म्हणजे १६५ वॅट, त्यावर सहा तास निघतात.

आता खरी गंमत बघा. तेच पंखे बीएलडीसी केले तर ३६५ चे २३० होतात आणि तीच बॅटरी चार तास जाते. रात्रीचे १६५ चे ७५ होतात, मग रात्रभर काळजी नाही. एका पंख्याला अडीच-तीन हजार लागतात, पण दुसऱ्या बॅटरीपेक्षा ते स्वस्त पडतं आणि लाईट असतानाही बिल कमी येतं. बजेट तंग असेल तर आधी झोपायच्या खोलीतला पंखा बदला, मग बॅटरी छोटी घ्या. ज्यांनी ज्यांनी माझं हे ऐकलं त्यांनी नंतर दुसरी बॅटरी घ्यायचा विषयच काढला नाही.

प्रकार तीन-चार मिळतात. फ्लॅट प्लेटची बॅटरी स्वस्त, पण रोज दोन-तीन तास लाईट जाणाऱ्या ठिकाणी ती तग धरत नाही, जिथं महिन्यातून एखाद्या वेळी जाते अशा शहरी घराला ठीक. ट्युब्युलर ही आपल्याकडं बरोबर, त्यातही टॉल ट्युब्युलर, म्हणजे उंच, जिच्यात पाणी जास्त मावतं आणि जी खोल उतरवलेली सहन करते. नीट सांभाळली तर पाच-सहा वर्षं जाते. वजन ५०-६० किलो असतं त्यामुळं वरच्या मजल्यावर असाल तर दुकानदाराशी आणून बसवून द्यायचं आधीच बोलून घ्या.

लिथियम आता सगळीकडं दिसते. पाणी नको, वास नाही, जागा कमी, तीन-चार तासांत भरते, आणि म्हणून वर सांगितलेल्या आठ तास लाईटवाल्या वस्तीला खरं तर हीच सगळ्यात योग्य. किंमत बरीच जास्त. घ्यायचीच तर इन्व्हर्टर आणि बॅटरी एकाच डब्यात असलेली घ्या, किंवा ज्या इन्व्हर्टरमधे लिथियमचं सेटिंग आहे तोच घ्या. जुन्या इन्व्हर्टरला लिथियम जोडून देतो असं कुणी म्हणालं तर नको म्हणा, दोन्हीचं चार्जिंग वेगळं असतं.

इन्व्हर्टरचा चार्जिंग करंट बॅटरीच्या एएचच्या दहाव्या हिश्श्याएवढा तरी हवा. १५० ला १५ अँपिअर. हे मॅन्युअलमधे असतं, दुकानात पान उघडून दाखवायला सांगा. २२० ची बॅटरी आणि १० अँपिअरचा चार्जर अशी जोडी देतात, ती घेऊ नका. आणि २४ व्होल्टचा इन्व्हर्टर घेतला तर दोन बॅटऱ्या लागतात, त्या एकाच कंपनीच्या, एकाच एएचच्या, एकाच वेळी घेतलेल्या हव्यात. जुनी एक आहे तिला नवीन जोडू असं केलं की जुनी नवीनला पण घेऊन जाते.

५. दुकानात गेल्यावर

कंपनी कोणती हे लोक सगळ्यात आधी विचारतात. एक्साइड, ल्युमिनस, मायक्रोटेक, अमरॉन, व्ही-गार्ड, सगळ्यांची बरी मॉडेल आहेत आणि स्वस्तातली साधी पण आहेत. माझं मत असं की तुमच्या तालुक्याच्या गावी ज्या कंपनीचा सर्व्हिसवाला येतो ती कंपनी घ्या. मे महिन्यात इन्व्हर्टर बंद पडला आणि माणूस जिल्ह्याहून यायला आठवडा लागला तर मोठ्या नावाचा काय उपयोग. दुकानदाराला विचारा, सर्व्हिसवाला कुठं बसतो, नंबर द्या, आणि तिथंच उभं राहून फोन लावा.

घेण्याआधी हे बघा:

बॅटरी कधी बनलेली आहे. बॅटरीवर कोड असतो, त्यात महिना आणि वर्ष असतं, प्रत्येक कंपनीचा कोड वेगळा, दुकानदाराकडून वाचून घ्या किंवा कंपनीच्या हेल्पलाईनला सिरीयल नंबर सांगून विचारा. दोन-तीन महिन्यांच्या आतली चांगली. बॅटरी दुकानात नुसती पडून राहिली तरी उतरत असते. आमच्या एका पाहुण्यांना दुकानातनं वरच्या रांगेतली, धूळ पुसून दिलेली बॅटरी लावून दिली होती, ती पहिल्या दिवसापासून पाऊण तासाच्या वर कधी गेलीच नाही, नंतर कोड तपासला तर ती वर्षापेक्षा जुनी निघाली.

व्होल्टेज. मीटर लावायला सांगा, काही जोडलेलं नसताना १२.५ च्या वर हवं.

वॉरंटी. ३६+२४ असं लिहिलेलं असतं. पहिले ३६ महिने बदलून मिळते. पुढचे २४ प्रो-राटा, म्हणजे नवीन बॅटरीच्या छापील किमतीवर काही टक्के सूट. आता बाजारात बॅटरी छापील किमतीपेक्षा तशीही बरीच कमी मिळते, त्यामुळं त्या सुटीचा हाताला फारसा काही लागत नाही. दोन बॅटऱ्यांत तुलना करताना फक्त पहिला आकडा धरा.

जुनी बॅटरी असेल तर ती द्या आणि पैसे वजा करून घ्या. भंगारवाल्याला देऊ नका, आतलं शिसं आणि अ‍ॅसिड उघड्यावर ओततात. २०२२ च्या बॅटरी कचऱ्याच्या नियमांप्रमाणं जुन्या बॅटऱ्या परत गोळा करायची जबाबदारी कंपन्यांवर आहे, म्हणून दुकानदार ती घेतोच.

खरेदी शक्यतो जानेवारी-फेब्रुवारीत करा. एप्रिलमधे गर्दी असते, भाव करता येत नाही आणि बसवणारा पण घाईत असतो.

६. कागदपत्रं

जीएसटीचं पक्कं बिल, त्यावर इन्व्हर्टर आणि बॅटरी दोन्हीचे सिरीयल नंबर. दोघांची वॉरंटी कार्डं वेगवेगळी असतात, दोन्हीवर तारीख, शिक्का, सही. कंपनीच्या साईटवर किंवा क्यूआर कोडवरून तुमच्याच मोबाईल नंबरनं रजिस्टर करा, दुकानदाराच्या नाही. बिल मशीनच्या पातळ कागदावर असेल तर त्याच दिवशी फोटो काढून ठेवा, आपल्या उन्हाळ्यात तो कागद वर्षभरात कोरा होतो आणि मग वॉरंटीला काहीच दाखवता येत नाही. बॅटरीवरच्या सिरीयल नंबरचा पण फोटो काढा, अ‍ॅसिडच्या वाफेनं तो पुसट होत जातो.

७. बॅटरी कुठं ठेवायची

याला बहुतेक लोक दोन मिनिटं पण देत नाहीत, जिथं कोपरा रिकामा तिथं ठेवतात. परभणी-नांदेडकडं मेमधे पारा ४२-४४ ला जातो. बॅटरीचं आयुष्य २५-२७ डिग्रीला धरलेलं असतं आणि त्यापेक्षा दहा डिग्री वाढली की ते जवळपास निम्मं होतं. आता जिन्याखालचा पत्र्याचा डबा नाहीतर गच्चीवरची पत्र्याची खोली आठवा, दुपारी तिथं हात लावता येत नाही. बॅटरी तिथं ठेवायची आणि पाच वर्षं चालेल म्हणायचं, हे होणार नाही. घरातल्या सगळ्यात थंड भिंतीला ठेवा. जुनी माळवदाची, म्हणजे मातीच्या छताची घरं अजून ज्यांच्याकडं आहेत त्यांनी आतल्या खोलीत ठेवावी, तिथं उन्हाळ्यातही चांगलं थंड असतं, फक्त हवा खेळती हवी.

हवा यासाठी की चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो. तो पेट घेतो. म्हणून देवघराच्या खाली नको, जिथं समई-निरांजन असतं, गॅसच्या शेगडीजवळ नको, आणि दारं-खिडक्या लावून झोपतो त्या खोलीत पण नको. ट्रॉलीवर ठेवा, भिंतीपासून चार बोटं लांब, वरनं झाकण उघडून पाणी टाकता येईल एवढी जागा. लेकरांचा हात पोचणार नाही असं बघा. बॅटरीवर कपडे, पेपर, काही ठेवू नका.

८. वायरिंग, इथं पैसे वाचवू नका

नवीन घर बांधत असाल तर गुत्तेदाराला आणि वायरमनला स्लॅबच्या आधीच सांगा, इन्व्हर्टरची लाईन वेगळी टाका, आणि इन्व्हर्टरची जागा दाखवून तिथं १६ अँपिअरचा पॉईंट ठेवा. जुन्या घरात प्रत्येक बोर्डापर्यंत इन्व्हर्टरचा एक फेज नेतात आणि ठरलेले पंखे-दिवे मेनच्या फेजवरून काढून त्याच्यावर जोडतात.

काम झाल्यावर तुम्ही स्वतः तपासा. मेन स्विच बंद करा आणि घरभर फिरून प्रत्येक बटण दाबा. तुमच्या यादीतलं तेवढंच चालू व्हायला पाहिजे. गावाकडं एका घरी लाईट गेली की पाच मिनिटांत ओव्हरलोडची शिट्टी वाजायची, दोन बल्ब आणि एक पंखा एवढंच चालू असायचं. सगळ्यांचं म्हणणं इन्व्हर्टर खराब. बोर्ड उघडून एकेक वायर बघितली तर बाथरूमच्या बल्बच्या फेजवरूनच गिझरला वायर दिलेली होती आणि गिझरचं बटण सकाळपासून चालूच होतं. वायर काढली, शिट्टी बंद.

न्यूट्रल हा दुसरा घोळ. दोन भावांचे दोन मीटर असतील, वर एक आणि खाली एक, तर एकाचा इन्व्हर्टर दुसऱ्याच्या मजल्यावर नेताना न्यूट्रल एकत्र होतात. मग मीटरवरचा ईएलचा (अर्थ लीकेजचा) लाल दिवा लागतो, ईएलसीबी-आरसीसीबी, म्हणजे करंट गळाला की लाईट तोडणारं स्विच असेल तर ते सारखं पडतं आणि बिलाचं पण काही खरं राहत नाही. ज्या मीटरचा फेज त्याच मीटरचा न्यूट्रल, हे वायरमनला बजावून सांगा. घरात थ्री फेज असेल तर इन्व्हर्टरवरचे सगळे पॉईंट एकाच फेजला येतील असं करून घ्या.

बॅटरीपासून इन्व्हर्टरपर्यंतची वायर कंपनीनं दिलेलीच वापरा, ती लांबवू नका. १२ व्होल्टवर ६०० वॅट घेतले की त्या वायरमधून ५०-६० अँपिअर जातात, पातळ वायर जोडून लांब केली तर ती वितळते. अर्थिंग नसेल तर आधी अर्थिंग करा.

आणि हे कृपा करून ऐका. इन्व्हर्टरच्या आउटपुटला दोन्हीकडं पिना असलेली वायर करून ती भिंतीतल्या प्लगमधे घालायची आणि सगळं घर चालवायचं, असं जुगाड करणारे आहेत. तो करंट उलटा बाहेर तारेवर जातो. तिकडं डीपीवर वायरमन लाईट नाही म्हणून हात घालून बसलेला असतो. तो मरू शकतो. तुमच्या गल्लीत कुणी असं केलं असेल तर त्याला आजच काढायला लावा.

९. पाणी आणि देखभाल

घरात ठेवायचं सामान थोडंच आहे: डिस्टिल वॉटरचा कॅन, प्लास्टिकचं नरसाळं, व्हॅसलिन, जुना सुती कपडा, जमल्यास दीड-दोनशे रुपयांचा हायड्रोमीटर, म्हणजे बॅटरीतलं अ‍ॅसिड किती दाट आहे (ग्रॅव्हिटी) ते मोजायची नळी.

बॅटरीवर सहा झाकणं असतात आणि त्यात तरंगणाऱ्या दांड्या. दांडी हिरव्या खुणेला असली तर ठीक, लाल दिसायला लागली की पाणी टाका, वरच्या खुणेपर्यंतच, काठोकाठ नाही, नाहीतर चार्ज होताना अ‍ॅसिड बाहेर येतं. एरवी दोन-तीन महिन्यांतून एकदा, पण मार्च ते जून दर महिन्याला बघाच. सहाही झाकणं बघायची. एखादी दांडी अडकून बसलेली असते, वर दिसते आणि आत पाणी नसतं, म्हणून बोटानं हलकी दाबून सोडा, वर तरंगून आली तर ती बरोबर दाखवतीये.

पाणी डिस्टिलचंच. आपल्या बोअरच्या पाण्यात किती क्षार असतो ते गिझरच्या कॉईलला विचारा. आरओचं पण चालत नाही, त्यातही थोडे क्षार राहतातच, आणि पावसाचं तर नकोच. कुणी म्हणालं बॅटरी वीक झाली, अ‍ॅसिड घाला, तर घालू देऊ नका. पाणी उडून जातं, अ‍ॅसिड आतच असतं, वरून अजून अ‍ॅसिड टाकलं की प्लेटा खाऊन जातात.

टर्मिनलवर, म्हणजे बॅटरीला वायरी जोडतात त्या टोकांवर, पांढरा-हिरवा भुरा आला तर इन्व्हर्टर बंद करून, प्लग काढून, सोड्याच्या पाण्यानं पुसा, झाकणं लावलेली असताना, कोरडं करून व्हॅसलिन लावा. अ‍ॅसिड अंगावर उडालं तर लगेच भरपूर पाण्यानं धुवा, डोळ्यात गेलं तर धूत धूत दवाखाना गाठा.

विजा कडाडायला लागल्या की इन्व्हर्टरचा भिंतीतला प्लग काढून ठेवा, बॅटरीवर चालू द्या. तारेवरून आलेला झटका थेट इन्व्हर्टरच्या कार्डात जातो.

सुट्टीत पंधरा-वीस दिवस घर बंद ठेवणार असाल तर बॅटरी आधी पूर्ण भरा, मग इन्व्हर्टरचं समोरचं बटण बंद करा. उतरलेली बॅटरी तशीच ठेवून जाऊ नका.

१०. घरावर सोलर आहे किंवा घेणार आहात तर

पीएम सूर्यघर योजनेत दोन किलोवॅटपर्यंत किलोवॅटला ३० हजार आणि तीन किलोवॅट किंवा जास्तीला ७८ हजार सबसिडी मिळते म्हणून आता घरोघरी पॅनल दिसतात. पण यात लोकांचा मोठा गैरसमज आहे. साधं ऑन-ग्रिड, म्हणजे बाहेरच्या लाईनला जोडलेलं सोलर, लाईट गेली की बंद पडतं, भर दुपारी ऊन असलं तरी. वायरमनला झटका बसू नये म्हणून ते तसंच बनवलेलं असतं. म्हणजे सोलर आहे तरी लाईट गेल्यावर तुम्ही अंधारातच, इन्व्हर्टर-बॅटरी वेगळी लागतेच, किंवा सुरुवातीलाच बॅटरी जोडता येणारं हायब्रिड घ्यावं लागतं. सोलरवाल्याशी बोलताना पहिला प्रश्न हाच विचारा, लाईट गेल्यावर काय चालू राहणार, आणि उत्तर कोटेशनवर लिहून घ्या.

११. बसवल्यावर पहिल्या महिन्यात

पहिल्यांदा बॅटरी पूर्ण भरू द्या, लोड न लावता, रात्रभर. दुसऱ्या दिवशी मेन बंद करून रोजचा लोड लावा आणि किती वेळ जाते ते घड्याळ लावून बघा, तळापर्यंत उतरवू नका, इन्व्हर्टरची लो बॅटरीची शिट्टी वाजली की मेन चालू. तो आकडा तारखेसह वॉरंटी कार्डाच्या मागं लिहून ठेवा. दर उन्हाळ्याच्या आधी हेच परत करा. वॉरंटीच्या काळात वेळ निम्म्यावर आला तर तो लिहिलेला आकडा दाखवून तक्रार करा, तक्रारीचा नंबर घ्या. सर्व्हिसवाला आला की सहाही खणांची हायड्रोमीटरनं ग्रॅव्हिटी मोजून घ्यायला लावा, भरलेल्या ट्युब्युलर बॅटरीची १.२४० च्या आसपास असते. पाच खणं सारखी आणि एकच खूप खाली दाखवत असेल तर तो खण गेलेला आहे, आणि ३६ महिन्यांच्या आत असाल तर "चार्ज करून देतो, घेऊन जा" यावर परत येऊ नका, ती बॅटरी बदलूनच घ्या.